जपानी तलवारींच्या संग्रहात पाचही परंपरांची एकेक तलवार असावी, की एकाच घराण्यावर लक्ष द्यावे?

एकाच घराण्यावर, आणि शक्य असल्यास त्या घराण्याच्याही एकाच काळावर. यामातो, यामाशिरो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच जुन्या प्रांतांच्या परंपरांची एकेक तलवार घेऊन संग्रह 'पूर्ण' करण्याचा सल्ला मलाही मिळाला होता आणि तो देणाऱ्यांशी माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मी नोकरीनिमित्त ओसाकात राहतो. माझ्याकडची सगळी पाती सोळाव्या शतकातील ओसाफुने गावच्या सुकेसादा नावाच्या लोहारांची आहेत. ओसाफुने जुन्या बिझेन प्रांतात, म्हणजे आजच्या ओकायामात येते. (पु. ल. देशपांडे उद्यानामुळे पुणेकरांना ओकायामाचे नाव तरी ठाऊक असते.) आमच्या अभ्यासमंडळातील एका ज्येष्ठ संग्राहकांनी भर बैठकीत या संग्रहाची संभावना 'बाजारात स्वस्त मिळाले ते' अशी केली. त्या काळी सततच्या युद्धांमुळे मागणी अफाट वाढली, सुकेसादा हे नाव कितीतरी लोहारांनी लावले आणि घाऊक मालही भरपूर बनवला, त्यामुळे साधा सुकेसादा आजही आवाक्यात असतो, हे खरेच आहे. मी हे घराणे निवडले ते नेमके याच कारणासाठी, कारण एकाच गावच्या आणि एकाच नावाच्या मालात घाऊक काम व मागणीवरून घडवलेले काम शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

पुढच्या बैठकीला मी दोन पाती मुठीतून काढून त्यांच्यासमोर ठेवली. एकाच्या नाकागोवर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या दांड्यावर, 'बिशू ओसाफुने सुकेसादा' एवढेच कोरलेले होते ('बिशू' हे बिझेनचे संक्षिप्त रूप). पोलादाची वीण सैल आणि हामोन, म्हणजे पाणी दिल्याने धारेलगत उमटणारी नक्षी, उथळ. दुसऱ्यावर प्रांताचे पूर्ण नाव, पाठोपाठ 'गेन्बेई-नो-जो' हे लोहाराचे स्वतःचे नाव आणि मागच्या बाजूला तेन्बुन या सोळाव्या शतकातल्या कालखंडातले वर्ष होते. एका हाताने चालवायची म्हणून या तलवारीचा नाकागो आखूड असतो, तरीही एवढा मजकूर त्यावर एकसारख्या, ठाम घावांनी बसवलेला होता. वीण इतकी घट्ट की दिवा तिरपा धरल्याशिवाय दिसत नव्हती, आणि हामोनच्या लाटांची टोके खेकड्याच्या नांगीसारखी दुभंगलेली. ज्येष्ठांनी क्षणभर पाहिले आणि विचारले, "दुसरीला कोणत्या श्रेणीचे प्रमाणपत्र आहे?"

त्यांच्याकडे पाचही परंपरा आहेत, सगळ्यांना १९४८ साली स्थापन झालेल्या तलवार-जतन संस्थेची प्रमाणपत्रे आहेत आणि एक तर 'जूयो' या वरच्या श्रेणीची आहे. पण ज्याच्याकडे मिनोची एकच तलवार आहे, त्याला ती मिनोमधली चांगली की सामान्य हे ओळखण्याची सोयच नाही. त्याला कागदावरच विसंबावे लागते. संग्रहाची मर्यादा कशीही आखा: फक्त तारीख कोरलेली पाती, फक्त तांतो (खंजीर), किंवा १९३३ ते १९४५ या काळात यासुकुनी देवस्थानाच्या आवारात घडलेल्या तलवारी. मर्यादा एवढी अरुंद हवी की नव्या वस्तूची तुलना घरातल्याच वस्तूशी व्हावी. अशी नजर बसली की कापून आखूड केलेली आणि त्यात सही गेलेली जुनी पातीही घेण्याचे धाडस होते. नावे जमवणारे त्यांच्याकडे वळूनही पाहत नाहीत.

आता उरलेले. प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. कोतेत्सूसारख्या नामांकित लोहाराच्या नावाच्या खोट्या सह्या इतक्या आहेत की त्यावाचून व्यवहार करू नये, फक्त १९८२ पूर्वीच्या जुन्या कागदांवर फार भिस्त ठेवू नये. जपानात तलवारीसोबत नोंदणीपत्र हवेच आणि मालक बदलल्यावर २० दिवसांत प्रांतिक शिक्षण मंडळाला कळवावे लागते. देशाबाहेर न्यायची असल्यास निर्यातीची परवानगी आधी काढा आणि भारतातले नियम स्वतंत्रपणे तपासा. नाकागोवरचा गंज कधीही घासू नका. पैसे कमी असतील तर दोन मध्यम पाती विकून एक चांगले घ्या; मी तेच करतो, आणि माझ्या त्या ज्येष्ठांना नेमके तेच पटत नाही, कारण पाचांतले एक विकले तर त्यांचा संच मोडतो.