ताई, माझंही आईसारखंच होणार का?

"आईला स्मृतिभ्रंश झाला, आता मलाही होणार." समुपदेशक म्हणून हे वाक्य हल्ली इतक्यांदा ऐकते, की पुढचे पुरावेही पाठ झालेत. दूध उतू गेलं, चष्मा सापडेना, शेजारणीचं नाव ओठांवर येऊन अडलं.

सुनीताताई (नाव बदललंय) पुराव्यांची वहीच घेऊन आल्या. वय 53, बँकेत नोकरी. शेवटच्या काही वर्षांत आई त्यांना ओळखत नव्हती. मी आधी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. बी-12 आणि थायरॉइड बिघडल्यानेही विसरायला होतं, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही. सगळं ठीक निघालं. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून भीती जाते थोडीच?

"सुरुवातीला रिपोर्टमध्ये कुठे दिसतं, ताई?" असं म्हणत त्यांनी वही उघडली. लाल पेनाने अकरा नोंदी. ‘मंगळवार, सव्वानऊ. हिंगाची डबी घ्यायला आत गेले, कशाला आले तेच आठवेना. कुकरच्या दोन शिट्या झाल्या होत्या.’

"शिट्यासुद्धा मोजल्यात की!" मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

पुढच्या भेटीत बसता बसता मी त्यांना एक आकडा सांगितला, 584, आणि विषय बदलला. मुलाची नोकरी, सासूबाईंचा गुडघा, बँकेतली मार्चअखेर. अर्ध्या तासाने विचारलं, "आकडा?"

"पाचशे चौऱ्याऐंशी. का हो?"

मग मी त्यांना हेन्री मोलेसनची गोष्ट सांगितली. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये अमेरिकेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग, हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग) धरून, काढला गेला. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनी त्याला हाच आकडा दिला होता. पंधरा मिनिटं त्याने तो धरून ठेवला. कसा? पाच, आठ, चार मिळून सतरा. आठ लक्षात ठेवला की उरले नऊ, नऊचे पाच आणि चार. सारखं हेच घोळवत बसला होता. लक्ष दुसरीकडे गेलं आणि मिनिटभरात आकडा तर गेलाच, आकडा दिला होता हेही गेलं.

(माझा आकडा ही काही चाचणी नव्हे. ती डॉक्टरांनी केलीच होती.)

सुनीताताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याच्याकडे लक्ष होतं, साठवण नव्हती. माझी साठवण आहे..."

"आणि लक्ष?"

"ते आईपाशी."

हे त्यांनी स्वतः म्हटलं, याचा मला आजही आनंद आहे. मी सांगितलं असतं तर तो फक्त आणखी एक रिपोर्ट झाला असता. भावनेच्या मुळाशी विचार असतो, असं मानणाऱ्यांपैकी मी. ‘आईसारखं होणार’ हे वाक्य सुनीताताई हेन्रीच्या आकड्यासारखं दिवसभर घोळवत होत्या. हिंगाला जागा उरणार कुठून? साठवलं ते विसरणं वेगळं आणि मुळात साठवलंच न जाणं वेगळं. आपला बहुतेक ‘विसरभोळेपणा’ दुसऱ्या प्रकारातला असतो.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं, रोजचा हिशेब न जमणं, आपल्याआधी घरच्यांनी ते टिपणं: यातलं काही असेल तर समुपदेशकाची वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. नसेल, तर झोप नीट घ्या, गॅस पेटवलात की फोन खाली ठेवा. आणि भीतीला रोज ‘कशावरून?’ विचारा.

सुनीताताईंना मी वहीत दुसरा रकाना आखून दिला: ‘तेव्हा डोक्यात काय होतं?’ पहिले दोन आठवडे तिथे आईच होती. मग सासूबाईंचा गुडघा आला, मुलाचा फोन आला. शेवटच्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. ‘छत्री बँकेत राहिली.’ दुसऱ्या रकान्यात, निळ्या पेनाने: ‘काही नाही. पाऊस थांबला होता.’