वाचकांचे प्रश्न: उवा परत परत का येतात?

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे, केस कमरेपर्यंत. उन्हाळ्यात देवास-उज्जैनची भावंडं आली होती, सगळी गच्चीवर एकाच सतरंजीवर झोपायची. जूनच्या शेवटी ती डोकं खाजवायला लागली. मेडिकलमधून लोशन आणून लागोपाठ दोन दिवस लावलं. मेलेल्या उवा निघाल्या, पण बारा दिवसांनी पुन्हा तेच. आता औषध नकोसं वाटतं. आमच्याकडे नर्मदेचा नळ दिवसाआड येतो, त्यामुळे रोज न्हाऊ घालणंही जमत नाही. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: लोशननं उवा मेल्या, लिखा राहिल्या. बहुतेक लोशनांचं असंच असतं. लीख फुटायला 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी पुन्हा लावलेलं लोशन वाया गेलं. परमेथ्रिन असलेलं लोशन असेल तर दुसरा हात साधारण नवव्या दिवशी हवा होता. आणखी एक चूक घरोघरी होते: आधी कंडिशनर लावून केस मऊ करतात आणि वर हे लोशन. कंडिशनरच्या थरामुळे औषध उवेपर्यंत नीट पोचतच नाही.

औषधाशिवाय करायचं असेल तर खरं काम फणीचं. लीख जेमतेम पाऊण मिलिमीटर लांब आणि 0.3 मिलिमीटर रुंद असते, तेव्हा फणीच्या दातांमधली फट त्याहून बारीक हवी. धातूची, लांब दातांची फणी घ्या. प्लास्टिकचे दात वाकतात आणि लीख मधून निसटते. दुकानात फणी उजेडाकडे धरून बघा: दात सरळ असावेत आणि फटी सगळीकडे सारख्या.

केस धुऊन टॉवेलनं टिपा, ओले राहू द्या. मग पांढरं, साधं कंडिशनर मुळापासून टोकापर्यंत चोपडा. कमरेपर्यंतच्या केसांना एक पुडी पुरत नाही, सात-आठ पुड्या किंवा अर्धी वाटी लागेल. त्यानं ऊ मरत नाही, पण थोडा वेळ तिची पळापळ थांबते. सुक्या केसांत ती उजेड पडताच सरकते, म्हणून सुके केस विंचरून "काही नाही" म्हणणाऱ्या आया फसतात. आधी मोठ्या कंगव्यानं गुंता काढा. मग भांग पाडून केसांचे चार भाग करा, तीन बांधून ठेवा आणि उरलेल्या भागातली बोटभर रुंदीची बट हातात घ्या. फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची, प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या कापडावर पुसायची. तीच बट वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी विंचरली की पुढची. कानामागे आणि मानेच्या खळगीशी दुप्पट वेळ द्या, उवांना तीच जागा आवडते. एवढ्या लांब केसांना पाऊण तास धरून चला. मुलीला कार्टून लावून द्या, नाहीतर पंधराव्या मिनिटाला ती उठून जाईल आणि मागची बाजू राहील. शेवटी कंडिशनर धुऊन पुन्हा एकदा झरझर फणी फिरवा.

हे पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करायचं, सतराव्या दिवशी तपासणी. रविवारी सुरू केलं तर पुढचे वार गुरुवार, सोमवार, शुक्रवार आणि मंगळवार. हे सगळे विषम दिवस आहेत, म्हणजे पहिला दिवस नळाचा धरला तर पुढचेही नळाचेच येतात. मधे चार दिवसच का, तर लिखेतून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला नऊ ते बारा दिवस घेतं. त्याआधी ते फणीला दोनदा तरी सापडायला हवं. तेराव्या दिवशी बारीक, तिळाहूनही लहान पिल्लं दिसली तर एखादी फेरी हलक्या हातानं झाली. मोठी, तिळाएवढी ऊ दिसली तर ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यातून आली आहे. घरातल्या सगळ्यांची डोकी पहिल्याच दिवशी तपासा. आजीचा अंबाडा आणि बाबांचे आखूड केससुद्धा.

उवा पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज चार ते सहा आठवड्यांनी सुरू होते. म्हणजे जूनमधली खाज मे महिन्यातल्या गच्चीवरचीच असू शकते. उवा संपल्यावरही काही दिवस खाज राहते, तेवढ्यावरून पुन्हा लोशन लावू नका.

प्रश्न: आम्ही मुलांना सीताफळाच्या बिया वाटून खोबरेल तेलातून लावत असू, कधी कापूर घालून. सूनबाई नको म्हणतात. झाडपाल्याला कसली भीती? (स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर: या बाबतीत सूनबाईंचं ऐका. सीताफळाच्या बिया विषारी आहेत, म्हणून तर त्यांनी उवा मरतात. धुताना ते पाणी डोळ्यांत उतरलं की बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो. डोळे लाल होतात, प्रचंड दुखतात, उजेड सहन होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. कधी असं झालंच तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं डोळ्यांवर सोडा आणि लगेच दवाखाना गाठा. चोळू नका, तूप-मध घालू नका.

कापूर कातडीतून शरीरात जातो आणि लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी आकडी येऊ शकते. वाटीत कालवून ठेवलेलं कापराचं तेल नातवंडांच्या हाताला लागायला किती वेळ लागतो? कडुनिंबाचं तेलही तान्ह्या बाळाच्या पोटात जाणं धोक्याचं. रॉकेल आणि ढेकणाचं औषध तर डोक्याच्या आसपासही नको: भाजतं, पेट घेतं, श्वासातून छातीत जातं. रात्रभर डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधणं म्हणजे जीव गुदमरण्याची जोखीम. व्हिनेगर किंवा लिंबानं लिखेचा डिंक सुटतो हा समज आहे, खाजवून सोललेल्या टाळूला मात्र ते चांगलंच झोंबतं.

नुसतं खोबरेल तेल खुशाल लावा. त्यानं सगळ्या उवा मरतील हा भरवसा नाही, पण कंडिशनर नसेल तर त्याच्या जागी ते चालतं आणि फणी सरसर फिरते. वेळापत्रक वर दिलंय तेच. फणीनं जमतच नसेल तर दवा बाजारात डायमेथिकोन विचारा. हे सिलिकोनचं तेल आहे. ते उवेला वेढून मारतं, मज्जातंतूंवर काम करणारं विष नाही. किती वेळ ठेवायचं ते पत्रकात बघा आणि सात दिवसांनी पुन्हा लावा. यातली बरीच औषधं पेट घेणारी असतात, म्हणून डोक्याला लावलेलं असताना मुलीला गॅसपाशी किंवा देवघरातल्या निरांजनापाशी जाऊ देऊ नका.

प्रश्न: गाद्या, सोफा, मुलांची खेळणी यांवर काय फवारावं? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: काहीही नाही. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसच जगते. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि गेल्या दोन दिवसांतल्या टोप्या-ओढण्या कडक गरम पाण्यातून काढून वाळवा. कंगवे, फण्या आणि रबरबँड गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. धुता न येणारं खेळणं दोन दिवस कपाटात. गादीवर फवारलेलं औषध शेवटी पोरांच्याच नाकात जातं.

प्रश्न: उवा गेल्या, पण पांढऱ्या लिखा चिकटून आहेत. त्या जाईपर्यंत शाळेत पाठवू नका असं बाई म्हणतात. शेजारणी म्हणतात गोटा करा. (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: लीख टाळूपासून किती दूर आहे ते बघा. ऊ अंडं घालते ते टाळूला लागून, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा दोन-अडीच सेंटिमीटरवर दिसणारी पांढरी लीख म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचं रिकामं टरफल. त्यातून आता काही निघणार नाही. जिवंत लीख तपकिरी असते आणि टाळूलगत असते. कोंड्याशी गल्लत होत असेल तर बोटानं टिचकी मारा, कोंडा झडतो, लीख हलत नाही. टरफलं नखांच्या चिमटीत धरून ओढा, नाही निघाली तर तेवढा एक केस कापा.

चालती ऊ नसेल तर शाळा बुडवायचं कारण नाही. बाईंना टाळूपासूनचं हे अंतर प्रत्यक्ष दाखवा, बहुतेक जणी समजून घेतात. गोट्यानं उवा जातात हे खरं, पण मुलीला वर्षभर चिडवून घ्यायला लावण्यापेक्षा सतरा दिवसांची फणी बरी. वर्गाच्या ग्रुपवर, कुणाचंही नाव न घेता, सगळ्यांनी एकाच रविवारी फणी फिरवावी असं सुचवा. ऊ उडी मारत नाही, उडत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. मोबाइलवर चार जणी डोकी जुळवून बसल्या की झालं. दोन घट्ट वेण्या घाला.

प्रश्न: दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्यात उवा आहेत आणि मानेवर गाठीही लागतात. (परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर: खाजवून जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या की मानेत, कानामागे गाठी येतात. खपल्या, पू, टाळूला दुर्गंधी किंवा ताप असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जखमा भरल्या की मग ओली फणी. इतक्या लहान मुलाला लोशन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एक जण मांडीवर धरून बसेल आणि दुसरा फणी फिरवेल तर दहा मिनिटांत होतं. जखमेच्या जागेवर मात्र तोवर फणी लावू नका.