पोरगा सरकारजमा होईल का?

“मॅडम, कमिटीपुढे नेलं तर मुलाला तिथेच ठेवून घेतात का हो?”

समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की विचारणारीच्या चेहऱ्यावरूनच तो येणार हे कळतं. विचारणारी कधी विधवा आई असते, कधी नवऱ्याने टाकलेली, कधी नातवंडं सांभाळणारी आजी. कमिटी म्हणजे आधाराची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची बाल कल्याण समिती. आणि तिच्यापुढे जायचं कारण असतं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गेले, घटस्फोट झाला, पालक गंभीर आजारी आहे किंवा तुरुंगात आहे, तर मुलाला संस्थेत न पाठवता घरीच वाढवता यावं म्हणून महाराष्ट्राचा महिला व बाल विकास विभाग या योजनेतून मुलामागे महिना 2,250 रुपये देतो. 2023 पर्यंत ही रक्कम 1,100 होती. म्हणजे मूल घरी राहावं यासाठी असलेली योजना, आणि आयांना वाटतं की ती मूल घरातून नेणार.

रेखाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील बदललेत, तीनचार जणींचे अनुभवही त्यात मिसळलेत. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलगा नऊ वर्षांचा. त्या एका मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ पोळ्या करायच्या. शाळेतल्या बाईंनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण त्यांनी योजनेचा फॉर्म दोनदा आणून दोनदा फाडला होता आणि रात्र रात्र झोप नव्हती.

“दीर म्हणतात, कमिटीपुढे उभं केलंस की पोरगा सरकारजमा. घर एका खोलीचं, कमाई ही अशी. बघतील आणि म्हणतील, ही काय सांभाळणार?”

त्या वेळी मी जे केलं ते आज करणार नाही. मी माहिती द्यायला लागले. 2015 चा बाल न्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावीच लागते. घरीच राहणाऱ्या कोणत्या मुलांना आर्थिक आधार द्यावा, हे 45 व्या कलमात सांगितलंय, आणि त्यात सगळ्यात आधी उल्लेख आहे तो विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबाने सोडून दिलेल्या आईच्या मुलांचा. हे सगळं खरं आहे आणि तुम्हालाही ते ठाऊक असावं म्हणून इथे लिहिलंय. रेखाताई मान डोलवत राहिल्या, “हो मॅडम, बरोबर आहे,” म्हणाल्या, आणि पुढचे दोन आठवडे आल्याच नाहीत.

आल्या तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी होती. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तहसीलमधून काढलेला उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, दोघांचं आधार, पासबुकाची झेरॉक्स. सगळं घड्या न पाडता नीट लावलेलं. फक्त एक कागद नव्हता. अर्जासोबत मुलाचा पालकाबरोबर घरासमोर काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो लागतो, तो.

“फोटोवाल्याला वेळ नव्हता,” त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी मुलाला ताप होता. त्याच्या पुढच्या वेळी पाऊस.

एवढी कागदं जमवणारी बाई एका फोटोपाशी अडते, म्हणजे गाठ तिथेच आहे. मी समजावणं थांबवलं.

“रेखाताई, फोटो तर मोबाइलवर शेजारचं कोणीही काढून देईल.”

“हो.”

“मग?”

बराच वेळ त्या पिशवीची कड बोटांनी मुडपत राहिल्या. मीही काही बोलले नाही. समुपदेशकाला बोलता येतंच, गप्प राहणं शिकावं लागतं, आणि त्या दिवशी ते मला जमलं याचं मला आजही समाधान आहे.

“माझा एक फोटो काढला होता,” त्या म्हणाल्या. “मी आठ वर्षांची होते. वडील गेले होते. आईने बालगृहात नेलं. तिथे हातात पाटी दिली, पाटीवर नाव लिहिलं आणि भिंतीला उभं करून फोटो काढला. मी फोटोकडे बघत होते, तेवढ्यात आई निघून गेली. दोन वर्षं होते मी तिथे.”

मग पदराने चेहरा पुसून म्हणाल्या, “जेवायला मिळायचं. कुणी मारलं नाही. पण आई निघून गेली ना.”

इतके आठवडे मी ज्या भीतीशी वाद घालत होते, ती चूक नव्हतीच. ती त्यांच्या अंगावरून गेलेली होती. मनातला चुकीचा विचार शोधायचा, तो खोडायचा, त्या जागी योग्य विचार ठेवायचा, ही वाट मीही शिकले आहे आणि पुष्कळदा ती उपयोगी पडते. पण भीतीला जेव्हा वय असतं, जागा असते, हातात पाटी असते, तेव्हा आधी तिचं सगळं ऐकून घ्यावं लागतं. माझा कल आता पुरता या बाजूला आहे. दिराचं बोलणं हे नुसतं निमित्त होतं; रेखाताईंच्या आत ती आठ वर्षांची मुलगी फोटो काढून घ्यायला तयार नव्हती.

त्या दिवशी आम्ही फॉर्मचा विषयच काढला नाही. पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, “त्या फोटोत कोण कोण होतं?”

“मी एकटी.”

“आणि आता मागतायत त्या फोटोत किती जण लागतात?”

“दोघं.”

“दोघं कशाला लागत असतील?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. “बरोबर राहतो ते दिसायला,” हळूच म्हणाल्या. आणि क्षणभराने पुन्हा, जरा मोठ्याने, “बरोबर राहतो, म्हणून.”

हे वाक्य मी महिनाभर आधी सांगू शकले असते. सांगितलंही होतं, कलमासकट. ते त्यांचं त्यांना सापडणं ही गोष्टच वेगळी.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. फोटो आला, अर्ज गेला, सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन चौकशी करून गेली, समितीपुढे हजेरी झाली. समितीतल्या बाईंनी मुलाला विचारलं, कुठल्या वर्गात, सकाळी डबा कोण देतं, अभ्यास कोण घेतं. मग आईला दोनचार प्रश्न. वीसेक मिनिटांत दोघं बाहेर, हातात हात.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या मनात हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी. मूल काढून घ्यायचा अधिकार समितीला मुळीच नाही, असं खोटं मी सांगणार नाही. मारहाण, अत्याचार, कामाला जुंपणं, पूर्ण दुर्लक्ष अशा वेळी मुलाच्या सुरक्षेसाठी तो वापरावाच लागतो. पण एक खोली, गळकं छप्पर, तुटपुंजी कमाई हे आईपणात नापास होणं नव्हे. गरिबी आहे म्हणूनच तर ही योजना आहे. घरभेटीच्या आधी उसनवारी करून घर सजवू नका. मुलाचं दप्तर कुठे असतं, तो झोपतो कुठे, तुम्ही कामावर असताना त्याच्याजवळ कोण असतं, हे सरळ सांगा.

मुलाला आधी सांगा. हे फार महत्त्वाचं आहे. “कुठे चाललोय?” असं त्याने विचारल्यावर “फिरायला” म्हणू नका. आपण एका ऑफिसात जाणार, ते तुला प्रश्न विचारतील, मी तिथेच असेन, आणि आपण दोघं परत घरी येऊ, एवढं सांगितलं की पुरतं. रेखाताईंनी हे चार दिवस रोज रात्री सांगितलं. मला वाटतं त्यातलं निम्मं त्या स्वतःला सांगत होत्या.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्यायचा असतो. कुठे जायचं कळत नसेल तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर विचारा. अर्जाला पैसे लागत नाहीत, म्हणून एजंटला देऊ नका. प्रत्येक कागदाची झेरॉक्स जवळ ठेवा आणि पोच मागून घ्या. पोच मागणं हा उद्धटपणा नाही. पैसे ठरल्या तारखेला येतीलच असं धरून हप्ते बांधू नका, कधी कधी बरेच महिने तुंबून एकदम येतात. आणि विधवा असाल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचीही चौकशी करा, 1980 पासून चालू आहे, महिना 1,500 रुपये मिळतात. रेखाताई त्यात बसल्या नाहीत, कारण तिथे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला 1,750. पोळ्या लाटून दोन जीव जगवणारी बाई या हिशेबाने निराधार ठरत नाही, हे मला पटत नाही, आणि जिथे संधी मिळते तिथे मी ते बोलते.

“पण हात पसरल्यासारखं वाटतं हो,” हेही नेहमी ऐकते. आपल्या संविधानाचं 41 वं कलम म्हातारपण, आजारपण, अपंगत्व, बेकारी अशा वेळी लोकांना मदत मिळण्याची तरतूद राज्याने करावी असं सांगतं. हे मी बायकांना वाचून दाखवते. काहींना त्याने बळ येतं. काहींना येत नाही, त्यांच्याबरोबर मी पहिल्या वेळी कार्यालयाच्या दारापर्यंत जाते.

रेखाताई आता माझ्याकडे येत नाहीत. मागच्या महिन्यात मात्र एक अनोळखी बाई आली, बरोबर दोन मुली. बसायच्या आधीच तिने पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत पत्र्याच्या दारासमोर तिघी उभ्या असलेला फोटो होता, धाकटी आईच्या कडेवर.

“मेसमधल्या रेखाताईंनी सांगितलं,” ती म्हणाली, “बाकी कागद नंतर, आधी हा काढ.”