एकाच जोकरला प्रेक्षकांनी एकदा डोक्यावर घेतलं आणि एकदा पाडलं, असं का?

तुम्ही विचारलंय की २००८ चा 'द डार्क नाइट' आणि २०२४ चा 'जोकर : फोली आ दू' हे दोन्ही अंधारे, दोन्ही दुसरे भाग, दोन्हींत जोकर, म्हणजे बॅटमॅनचा तो रंग फासलेला शत्रू, मग एकाच्या वेळी टाळ्या आणि दुसऱ्याच्या वेळी लोक मधूनच उठून गेले, हे कसं? लोकांना आता असले काळेकुट्ट सुपरहिरोपट नकोसे झालेत का?

(खाली दोन्हींचे शेवट फोडलेत. बघायचे राहिले असतील तर इथेच थांबा.)

नकोसे झालेत हे मला पटत नाही. २०१९ चा पहिला 'जोकर' काही कमी काळा नव्हता, आणि त्याने जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. दुसऱ्याची गाडी वीस कोटींच्या जरा पुढे जाऊन थांबली, आणि त्याचा खर्चच जवळपास तेवढा होता. पाच वर्षांत माणसांची काळोख सोसण्याची ताकद इतकी आटत नाही. मला वाटतं, असा पिक्चर बघताना आपल्याला कुठे बसवलंय याकडे प्रेक्षकाचं बारीक लक्ष असतं. तुम्ही त्याला गुन्ह्यात सामील करून घ्या, तो खुशीने होतो. त्याच्यावरच आरोप ठेवलात तर मात्र त्याचं डोकं फिरतं.

'द डार्क नाइट'मधला पेन्सिलचा प्रसंग आठवा. गुंडांच्या म्होरक्यांची बैठक चाललीये, जोकर आगंतुकासारखा आत येतो, टेबलात पेन्सिल उभी रोवतो आणि म्हणतो, ही आता गायब करून दाखवतो. एक गडी त्याला उचलून बाहेर टाकायला पुढे होतो. जोकर त्याची मान धरून डोकं टेबलावर आपटतो. पेन्सिल गायब. दोन-तीन सेकंदांचा खेळ, आणि रक्ताचा थेंबही पडद्यावर नाही. तेव्हा मी कॉलेजात होते, थेटर भरलेलं होतं. आधी हशा फुटला, मोठा. मग पेन्सिल कुठे गेली हे एकेकाच्या डोक्यात शिरत गेलं तसा तो हशा मध्येच चिरकला. माझ्या शेजारच्या बाई "अगं आई गं" म्हणाल्या आणि तोंडावर हात धरून हसतच राहिल्या. जोकरने त्यांना फितवलं होतं. मलाही. त्या क्षणापासून हा माणूस पडद्यावर आला की सगळं थेटर जरा पुढे सरकून बसायचं.

हे रक्त न दाखवणं हिशेबातलंच होतं, हे ओघाने सांगते. अमेरिकेत त्यामुळे पीजी-१३ मिळालं, म्हणजे तेराच्या आतल्या पोरांच्या आईबापांना नुसता सावधगिरीचा इशारा. ब्रिटनमध्ये १२ए मिळालं, म्हणजे मोठं माणूस बरोबर असेल तर लहान पोरंही आत. तिथल्या चित्रपट वर्गीकरण मंडळाकडे त्या वर्षी सर्वांत जास्त तक्रारी याच पिक्चरच्या आल्या, साडेतीनशेच्या वर. तेव्हा 'सगळ्यांनाच आवडला होता' ही आपली आत्ताची आठवण जरा धुऊनपुसून घेतलेली आहे. बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलच्या घोगऱ्या आवाजाची टिंगल पहिल्या आठवड्यापासून होती. शेवटचा अर्धा तास लांबलाय, सरकारी वकील हार्वी डेंटचं टू-फेस नावाचा खलनायक होणं उरकून घेतलंय, हेही लोक बाहेर पडता पडताच बोलत होते. मला आजही तो मोबाईलमधून अख्खं शहर बघण्याचा भाग पटत नाही. पण ही सगळी घरच्या माणसाबद्दलची कुरकुर होती.

पिक्चर खरा जिंकतो तो दोन बोटींच्या प्रसंगात. एका बोटीत सामान्य नागरिक, दुसरीत कैदी. दोन्हींत स्फोटकं भरलेली, आणि प्रत्येकीकडे दुसरीला उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर जोकर दोन्ही उडवणार. कैद्यांच्या बोटीतला एक धिप्पाड माणूस उठतो, अधिकाऱ्याला म्हणतो, द्या इकडे, जे तुम्ही दहा मिनिटांपूर्वीच करायला हवं होतं ते मी करतो. बटण हातात घेतो आणि खिडकीतून पाण्यात भिरकावून देतो. टाळ्या पडल्या. बॅटमॅनला त्या दिवशी एवढ्या पडल्या नव्हत्या.

आता हा प्रसंग कुणासाठी लिहिलाय ते बघा. दोन तास जोकर म्हणत असतो की माणसं वेळ आली की एकमेकांना खातात. आणि ऐन वेळी पिक्चर आपल्या बाजूने साक्ष देतो. शेवटी हार्वीची पापं बॅटमॅन स्वतःच्या अंगावर घेतो, गॉथमला, म्हणजे त्याच्या शहराला, खोटं सांगितलं जातं, पण आपल्याला खरं माहीत असतं. म्हणजे अडीच तास छळ सोसून आपण बाहेर पडतो ते चांगुलपणाचा दाखला घेऊन, आणि वर एक गुपितही खिशात घेऊन. कोण नाराज होईल?

त्यातून हा जोकर झालेला हीथ लेजर. २००६ साली त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा हाच का जोकर म्हणून चाहत्यांनी आरडाओरडा केला होता. २२ जानेवारी २००८ ला तो गेला, अठ्ठावीस वर्षांचा. पिक्चर आला १८ जुलैला. लोक थेटरात शिरले ते काहीसे मयताला आल्यासारखे, आणि पडद्यावर हा इसम नर्सचा झगा घालून, हॉस्पिटल उडवून, हातातल्या खटक्याशी चाळे करत चाललाय. ते अंगावर आलं. पुढच्या फेब्रुवारीत त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. कोणत्याही दुसऱ्या भागाची याच्याशी तुलना करताना हे वजन बाजूला काढून ठेवावं लागतं, नाहीतर तो अन्याय होतो.

भक्तीचा अतिरेकही झाला. आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारी यादी असते, तिच्यात चाहत्यांनी मतं ओतून 'द डार्क नाइट'ला पहिल्या नंबरवर नेलं, 'द गॉडफादर' खाली घसरला, त्याच्या भक्तांनी उलट मारा केला, आणि धुरळा बसल्यावर वर दिसला 'द शॉशँक रिडेम्प्शन'. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं नाही यावरून एवढी ओरड झाली की पुढच्या वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पाचाची दहा नामांकनं केली, आणि त्या चर्चेत या पिक्चरचं नाव निघालं होतं हे खुद्द तिच्या अध्यक्षांनी कबूल केलं. २०१२ चा तिसरा भाग यायच्या आधीच तर वाईट परीक्षण लिहिणाऱ्यांना इतक्या धमक्या गेल्या की परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाला प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. धमक्या देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पिक्चर पाहिलेलाही नव्हता.

आता दुसरी बाजू. पहिल्या 'जोकर'मधल्या त्या पायऱ्या तुम्हाला आठवत असतील. दबलेला, मार खाल्लेला आर्थर, म्हणजे पुढे जोकर होणारा माणूस (वाकीन फीनिक्स), रंग फासून, लाल सूट घालून त्यांच्यावरून नाचत उतरतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या खऱ्याखुऱ्या पायऱ्या आहेत त्या. पिक्चरनंतर लोक तिथे जाऊन तसेच हात पसरून फोटो काढायला लागले, आणि तिथल्या रहिवाशांना जाता-येता ताप झाला. माझ्या भाच्याच्या मोबाईलवर कित्येक महिने तेच चित्र होतं. 'मावशी, तो माणूस शेवटी मोकळा होतो गं,' हे त्याचं म्हणणं. त्याने सहा माणसं मारलीत, हे माझं. आमचं काही जमलं नाही.

२०२४ ला आम्ही दोघं पहिल्याच दिवशी गेलो. साधारण तासाभराने आजूबाजूला मोबाईलचे उजेड दिसायला लागले. ते दिसले की पिक्चरचं काही खरं नसतं. गाणी बरीच होती, आणि जाहिरातीत ती हात राखून दाखवलेली. पण गाणी हे वरवरचं कारण. या पिक्चरमध्ये ली नावाची एक बाई आहे, लेडी गागा. ती जोकरच्या प्रेमात आहे, आर्थरच्या नाही. कोर्टात आर्थर सांगतो की जोकर वगैरे कुणी नाही, जे केलं ते मीच केलं. ली उठते आणि चालायला लागते. तिच्या पाठोपाठ नाही, पण पाच-दहा मिनिटांत आमच्या पुढच्या रांगेतली दोन पोरंही गेली.

ती पोरं थांबली असती तर पुढचं त्यांना जास्तच लागलं असतं. आर्थर पळून तिला शोधत येतो तो कुठे? त्याच पायऱ्यांवर. ती तिथे त्याला सोडते, आणि सोडतानाही गात असते. तो विनवतो, गाऊ नकोस, नुसतं बोल माझ्याशी. (या वाक्याला थेटरात एक उसासा उमटला, कारण तासभर सगळ्यांच्या मनात तेच होतं.) ज्या पायऱ्यांवर आपण फोटो काढले तिथेच आणून पिक्चर आपल्याला सांगतो की तुम्हाला हा माणूस कधीच नको होता, तुम्हाला त्याचा तमाशा हवा होता. मग परत कोठडी, आणि एक साधा कैदी त्याला भोसकून मारतो.

दिग्दर्शक टॉड फिलिप्सच्या हिमतीची मी दाद देते. पण सिनेमास्कोर नावाची एक पाहणी असते, पहिल्या रात्री थेटरातून बाहेर पडणाऱ्यांना कार्ड देऊन श्रेणी विचारतात. पहिल्या रात्री येतं कोण? ज्याला आधीचा भाग जिवापाड आवडला तो. 'द डार्क नाइट'ला त्यांनी ए दिला होता, पहिल्या 'जोकर'ला बी प्लस. याला डी. हा डी परक्या माणसाचा नव्हे, रुसलेल्या भक्ताचा आहे. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत पावणेचार कोटी डॉलर आले आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई ८१ टक्क्यांनी कोसळली, कारण त्या भक्ताने बाहेर जाऊन दहा जणांना अडवलं.

प्रेक्षकाला आरसा दाखवणारा प्रत्येक पिक्चर पडतो असं मी म्हणत नाहीये. पेन्सिलही आरसाच होती. फक्त तिने आधी हसवलं. 'फोली आ दू' आधी काही देतच नाही. निम्मा वेळ कोर्टात पहिल्या भागाची उजळणी चालते, साक्षीदार येतात आणि आपण पाहिलेलंच आपल्याला सांगतात. हाती काही न देता शाळामास्तरासारखं झापलं तर पोरं बाकावरून उठणारच, आणि मला त्यांचा रागही येत नाही. वाकीन फीनिक्सने मात्र जीव ओतलाय, बरगड्या मोजता येतील इतका वाळून.

तुम्ही शेवटी विचारलंय की मित्राने अर्धा सोडला, मी बघू का. बघा, पण पहिला भाग पाहून वर्ष उलटलं असेल तरच; ताजा असेल तर कोर्टात झोप लागेल. आणि एकट्याने बघा. मी भाच्याबरोबर पाहिला आणि परतताना तो रस्ताभर एक अक्षर बोलला नाही. मोबाईलवरचं चित्र त्याने हा पिक्चर येण्याआधीच बदललं होतं, की नंतर बदललं, हे अजून मी त्याला विचारलेलं नाही.