मारहाण करणारा मुलगा आणि घरातील निर्णय

प्रश्न : आमचा १५ वर्षांचा मुलगा राग अनावर झाला की वस्तू फोडतो, आईवर हात उगारतो. पुढे काय करायचे, यावर घरात एकमत होत नाही. त्याला चर्चेत घ्यावे का?

उत्तर : घ्यावे, पण भांडण झाले त्याच दिवशी नाही. न्यूझीलंडमध्ये १९८९च्या कायद्याने रूढ झालेल्या कौटुंबिक बैठकीत जवळचे नातेवाईक एकत्र येतात, मुलाचे प्रकरण पाहणारे सरकारी अधिकारी माहिती देऊन खोलीबाहेर जातात आणि पुढे काय करायचे याचा आराखडा कुटुंबच ठरवते. तुमच्याकडे मुलाचा विश्वास असलेले मामा किंवा आत्या अशी बैठक चालवू शकतील. मात्र त्याआधी आईचे म्हणणे मुलाच्या गैरहजेरीत ऐका, कारण त्याच्यासमोर ती भीतीने गप्प बसली, तर नंतरच्या एकमताला काही अर्थ उरत नाही. मारहाण चालणार नाही, हा मुद्दा चर्चेला ठेवायचाच नाही (बहुतेक घरे नेमकी इथेच घासाघीस करतात). राग चढल्यावर कोणी कोणत्या खोलीत जायचे, फुटलेल्या वस्तूची भरपाई कशी करायची, यांत त्याचे मत घ्या आणि ठरलेले त्याच्याच हाताने लिहून घ्या. जिवाला धोका वाटल्यास बैठकीची वाट न पाहता पोलिसांना बोलवा.