लहानपणीचा मित्र लग्नात पुन्हा भेटला. हे प्रेम की नुसत्या आठवणी?

तुम्ही लिहिलंय की शेजारचा मुलगा अकरा वर्षांनी मैत्रिणीच्या लग्नात भेटला, तीन दिवस गप्पा झाल्या आणि घरी परतल्यापासून कशातच लक्ष लागत नाही. हे खरं प्रेम की जुन्या दिवसांची ओढ, हे कसं ओळखायचं? मला तीन दिवसांत ओळखता आलं नव्हतं, हे आधीच सांगते. पण माझंही असंच एका लग्नात झालं, भुसावळला, नाताळात. म्हणून लिहितेय.

माझा तो मित्रही शेजारचाच, आम्ही रेल्वे क्वार्टरमधली पोरं. माझे बाबा ड्रायव्हर, त्याचे गार्ड. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. रात्री-अपरात्री कॉलमन यायचा, कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा आणि आम्हाला अर्धवट झोपेत कळायचं की आज कोणाच्या घरचा माणूस निघाला. कधी दोघंही एकाच मालगाडीवर असायचे. बाबा पुढे इंजिनात, काका मागे ब्रेकव्हॅनमध्ये, मध्ये पन्नासेक वॅगनी. मग दोन्ही घरच्या आया एकाच ओट्यावर भाजी निवडत बसायच्या.

त्यांचा नाताळ, आमची दिवाळी, करंज्या दोन्हीकडे. मावशींच्या करंजीची कड अशी मुरडलेली असायची की आई दरवर्षी बघून यायची आणि दरवर्षी तिला जमायची नाही. डिसेंबर लागला की तो आणि मी चांदणी करायला बसायचो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, मैद्याची खळ, आत पिवळा बल्ब. ती दारावर लागली की माझ्यासाठी नाताळ सुरू झाला. मी आठवीत असताना बाबांची पुण्याला बदली झाली. दोन पत्रं गेली, एक आलं, संपलं.

चौदा वर्षांनी त्याच्या ताईचा फोन आला. ही ताई माझ्या वेण्या घालायची, आणि इतक्या घट्ट घालायची की भुवया वर जायच्या. 'सत्तावीस डिसेंबरला लग्न आहे, नाताळापासूनच ये, कारणं सांगू नको.' ऐन नाताळाच्या आठवड्यात लग्न कसं, असं मला ऑफिसात दोघांनी विचारलं. त्यांच्यात ही तारीख सोयीची असते. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. ते तयारीचे दिवस, त्यात शक्यतो लग्नं करत नाहीत. नाताळ झाला की सगळे नातेवाईक आधीच घरी जमलेले असतात, मग आठवडाभर लग्नंच लग्नं.

महाराष्ट्र एक्सप्रेसने चोवीस तारखेला सकाळी उतरले. मे महिन्यात भुसावळचं नाव काढलं तरी लोकांना घाम फुटतो, पण डिसेंबरात तिथली सकाळ कान लाल करते. प्लॅटफॉर्मवर घ्यायला ताई आली होती, तो नव्हता. तो ड्यूटीवर. तोही गार्ड झाला होता. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भुसावळात अजून कोणी तसं म्हणत नाही. आणि घरात पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर काकांचा फोटो, त्याला हार. मला कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार होतं? चौदा वर्षं मीही विचारलं नव्हतं.

शेजारच्या आजींनी मात्र ओळखलं. 'काय वं पोरी, मले वाटलं तू आता येतच नाही!' म्हणाल्या, आणि माझा हात धरून बराच वेळ सोडलाच नाही.

तो दिसला रात्री, मध्यरात्रीच्या मिस्सेला. आम्ही पुढच्या बाकांवर. तबला-पेटीवर गाणी चाललेली, गव्हाणीजवळ पोरांची ढकलाढकल. शांतीची खूण द्यायची वेळ आली, सगळे वळून एकमेकांना हात देतात ना, तेव्हा मी मागे वळले. शेवटच्या बाकाशी गार्डच्या पांढऱ्या कपड्यांत एक दाढीवाला माणूस उभा होता. खंडव्याहून आलेली गाडी सोडून थेट तिथे आला होता, कपडेही न बदलता. मी ओळखलंच नाही. त्याने हात जोडले, मीही जोडले, आणि पुन्हा पुढे वळल्यावर लक्षात आलं की हा तोच. सिनेमात असतं तसं काहीही झालं नाही. छातीत धडधड वगैरे अजिबात नाही. उलट जरा वाईट वाटलं. मी ज्याला भेटायला आले होते तो चड्डीतला, दात पडका मुलगा होता, आणि तो आता कुठेच नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथेच सुरू होतं.

सव्वीस तारखेला यावल रस्त्याला एका ओळखीच्यांच्या शेतात पाहुण्यांसाठी भरीत पार्टी होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, डिसेंबरात आमच्याकडे भरीत ही भाजी नसते, तो कार्यक्रम असतो. बामणोदची हिरवी, मोठी वांगी. ती गॅसवर भाजायची नसतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची. साल काढून देठासकट बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात टाकायची आणि लाकडी मुसळाने ठेचायची. सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण. वरून तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. मिक्सरमधून काढलेल्या भरताला आमच्याकडे कोणी भरीत म्हणणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

ठेचायचं काम पुरुषांचं, सोलायचं बायकांचं, असं ठरलेलं असतं. तो मात्र सोलायला माझ्याशेजारी येऊन बसला. बोटं भाजत होती, डोळ्यांत धूर, म्हणून बोलणं सोपं गेलं. मी म्हटलं, 'तुझी माफी मागायची राहिली होती. चौथीत चांदणी माझ्या हातून फाटली आणि मी तुझं नाव सांगितलं.'

तो थांबला. 'तू? ती मी फाडली. मी तुझं नाव सांगितलं.'

दोघंही हट्टाला पेटलो. मला खुर्ची आठवत होती, त्याला शिडी. शेवटी मावशींना विचारायला गेलो. त्या पुऱ्या लाटत होत्या, मानही वर केली नाही. 'मांजरीने फाडली. तुम्ही दोघं एकमेकांची नावं सांगत होता, म्हणून मी दोघांनाही एकेक चापट दिली.'

अठरा वर्षं दोघांनी ते उगाच मनाशी धरून ठेवलं होतं. हसून हसून पोट दुखलं. मग तो गप्प झाला आणि काकांबद्दल बोलायला लागला. मागच्या डब्यात एकटं बसल्यावर रात्री काय काय आठवतं, पुढच्या वळणावर स्वतःच्याच गाडीचं इंजिन लांब कसं दिसतं. मी ऐकत होते. हा माणूस मला नवीन होता. आणि मला हाच आवडत होता, चौथीतला नाही. वांगं हातात तसंच धरून बसले होते, ताईने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

लग्नाच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताई रडली, नवरदेव जास्त रडला, केक कापायला सुरी सापडेना. मी अठ्ठावीसला परतले.

त्यानंतरचे आठ महिने मात्र महत्त्वाचे. गार्डच्या ड्यूटीला वेळ-काळ नसतो. तो पहाटे चारला बडनेऱ्याच्या रनिंग रूममधून, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या खोलीतून फोन करायचा आणि मी साडेनवाला बँकेत जांभया द्यायचे. जुन्या आठवणी पहिल्या महिन्यातच संपल्या. खरंच संपतात हो, चारदा सांगून झाल्या की काही उरत नाही. मग कळायला लागलं की रात्रपाळीनंतर तो दोन तास कोणाशी बोलत नाही, पैशांचा विषय काढला की अंगावर येतो, आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी न विसरता करतो. त्यालाही कळलं की मी मेसेज वाचते आणि उत्तर द्यायचं विसरते. यावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं. एकदा आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी मला चांदणी, क्वार्टर, करंज्या काहीच आठवत नव्हतं. फक्त आज याला कुठली गाडी लागली असेल, एवढंच डोक्यात होतं. तेव्हा मला माझ्यापुरतं कळलं.

घरच्यांचं विचाराल तर सोपं नव्हतं. आई रडली, बाबा सहा महिने त्याचं नाव घेत नव्हते. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं नोकरी काढली त्याचाच मुलगा, तरीही. कोणी धर्म बदलायचा नाही हे आमचं दोघांचं आधीच ठरलं होतं, म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला लागतो, तो होताच. मग तीस दिवसांची नोटीस. चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचतात, आमची महिनाभर सरकारी फळ्यावर टांगली होती. पुढे तीन साक्षीदार लागतात. पहिली ताई, दुसरा तिचा नवरा. तिसऱ्या सहीच्या वेळी बाबा मागून पुढे आले, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली. बोलले काहीच नाहीत.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगेन की त्याला पुन्हा भेटा, पण लग्नघरात नको. तिथे सगळेच छान दिसतात. साध्या, कंटाळवाण्या दिवशी भेटा, बँकेच्या रांगेत किंवा बसस्टँडवर. आणि जुन्या गोष्टी लवकर बोलून संपवून टाका, पुढे काय बोलता ते बघा.

मी आता बदली घेऊन जळगावला आहे, भुसावळहून रोज अप-डाऊन करते. आज चोवीस तारीख. त्याला दुपारीच कॉल आला, या वर्षीही मिस्सेला मागच्या बाकावर पोचला तर पोचला. मावशी करंज्या तळताहेत, कड मुरडायला मला अजून देत नाहीत. मघाशी ब्रेकव्हॅनमधून फोन होता, आवाज तुटत होता. चांदणी लावलीस का, विचारलं. लावली म्हटलं.

'उंच लाव,' म्हणाला, 'मांजर आहे घरात.'