अकराव्या वर्षी पाळी आली म्हणून…

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवडाभर आधीची गोष्ट. गोव्यातल्या डिचोलीची एक आई आली, हातात गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची पिशवी. मुलीला तिनं बाहेर बाकावर बसवलं होतं.

"मॅडम, मला चौदाव्या वर्षी पाळी आली, हिला अकराव्यालाच. शेजारीण म्हणते, लवकर पाळी आली की पुढं छातीचा कॅन्सर होतो. गोळ्या देऊन थांबवता येईल?"

शेजारीण अगदीच चुकीचं बोलली नव्हती, आणि ते मी लपवलं नाही. दर पाळीच्या चक्रात अंडाशयातली संप्रेरकं वर-खाली होतात. त्यांच्यामुळे स्तनातल्या पेशींचं विभाजन वाढतं, आणि विभाजनात कधीतरी चूक राहून जाते. 2012 साली 117 अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पाळी एक वर्ष लवकर आली तर धोका साधारण 5 टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं.

"म्हणजे शंभरात पाच?" तिचा चेहराच उतरला.

इथंच बहुतेक आया घाबरतात. तसं नाही; मुळात जेवढा धोका असतो, त्याच्या पाच टक्क्यांनी तो दर वर्षामागे वाढतो. मी कागद पुढं ओढला. समजा, चौदाव्या वर्षी पाळी आलेल्या हजार बायकांपैकी तिसांना आयुष्यात हा आजार होतो. मग अकराव्या वर्षी पाळी आलेल्या हजारांत तो साधारण पस्तीस जणींना होईल. उरलेल्या नऊशे पासष्ट जणींना नाही. तिनं तो आकडा दोनदा वाचला.

अकरावं वर्ष पाळीसाठी अगदी नेहमीचं आहे. आठ वर्षांच्या आधी छाती वाढू लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि पाळी थांबवायच्या गोळ्या म्हणजे पुन्हा संप्रेरकंच; या भीतीपोटी त्या कुणी देत नाही. मुलगी मोठी झाल्यावर वजन, व्यायाम, दारूपासून लांब राहणं, बाळ झालं तर अंगावरचं दूध पाजणं, हे तिच्या हातात असेल.

"आणि तुमची छातीची तपासणी कधी झाली?" मी विचारलं. वय त्रेचाळीस, एकदाही नाही. चवथ झाली की बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचं तिनं कबूल केलं.

मला खरी काळजी बाहेरच्या बाकाची होती. गेले दोन महिने हे सगळं त्या पोरीच्या कानावर पडत होतं. तिला आत बोलावलं. आईसमोरच सांगितलं, "बाय, तुला काही झालेलं नाही. तुझं शरीर वेळेवर वाढतंय."

ती बराच वेळ आईकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, "चवथीत पाळी आली तर फुगडी घातलेली चालेल?"

"चालेल की," आईच म्हणाली.